ब्लीडिंग हार्टची वेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पांढऱ्या पिशवीतून लाल फूल डोकावणाऱ्या या वेलीबद्दल बागप्रेमींकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. वेल जगवणं कठीण नाही. तिला फुलवण्यासाठी मात्र ऊन आणि कात्री या दोन गोष्टी वेळेवर लागतात. घाई असेल तर प्रश्न ९ आणि १० आधी वाचा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

१. ब्लीडिंग हार्ट म्हणजे नेमकं कोणतं झाड? नेटवर शोधलं की दोन वेगळीच झाडं दिसतात.

दोन्ही झाडं त्याच नावाने विकली जातात, पण एकमेकांच्या नात्यात नाहीत.

पहिली वेल, क्लेरोडेंड्रम थॉमसोनी. ती पश्चिम आफ्रिकेच्या उष्ण पट्ट्यातली, सेनेगलपासून कॅमेरूनपर्यंतची. तुळशीच्याच कुळातली. नायजेरियात काम करणाऱ्या विल्यम कूपर थॉमसन या मिशनऱ्याच्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ १८६२ साली तिला हे नाव मिळालं. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत आणि गॅलऱ्यांच्या ग्रिलवर दिसते ती हीच.

दुसरं वेल नव्हे, तर दोन-तीन फूट उंचीचं झुडूपवजा झाड, लॅम्प्रोकॅप्नॉस स्पेक्टॅबिलिस. त्याच्या वाकलेल्या दांडीवर पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची गुलाबी फुलं ओळीने लटकतात. हे सायबेरिया, उत्तर चीन, कोरिया, जपानकडचं, अफूच्या कुळातलं. त्याला कडक थंडी हवी, म्हणून महाराष्ट्र-गोव्यात ते टिकत नाही (प्रश्न १८). खाली नुसतं ‘वेल’ म्हटलं असेल तिथे पहिली समजा.

२. ही वेल महाराष्ट्रात सगळीकडे येते का?

येते, पण सारख्या लाडाने नाही. कोकण, गोवा, मुंबई, ठाणे इथली दमट हवा तिला माहेरासारखी आहे. पुणे, नाशिक, कोल्हापूरला ती चांगली वाढते, मात्र डिसेंबर-जानेवारीत थबकते आणि थोडी पानं टाकते. मराठवाडा-विदर्भात खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये असते. पारा ४२-४३ अंशांवर गेला की पानांच्या कडा करपतात. तिथे ५० टक्के सावली देणारी हिरवी जाळी आणि मुळांवर पालापाचोळ्याचं आच्छादन हवंच. रात्रीचं तापमान १० अंशांखाली जातं तिथे कुंडी भिंतीच्या आडोशाला ठेवा.

३. नर्सरीत रोप निवडताना काय बघायचं?

फुलांनी लगडलेलं रोप डोळ्यांत भरतं, पण घ्यावं ते बुंध्यापासून तीन-चार फांद्या फुटलेलं. एकच लांब फांदी काठीला गुंडाळलेली असेल तर घरी आणून ती छाटावीच लागते. पानं उलटी करून बघा, पांढरा कापूस किंवा चिकटपणा दिसला तर ते रोप सोडा. पिशवीच्या भोकांतून जाड मुळं बाहेर आली असतील तर रोप फार दिवस अडकून पडलंय.

आणल्यावर लगेच कुंडी बदलू नका. आठ-दहा दिवस उजेडाच्या सावलीत ठेवा, मग मातीचा गोळा न फोडता लावा. लावायला जून ते ऑगस्ट हा काळ उत्तम.

४. कुंडी किती इंची घ्यावी? माती कशी भरावी?

नव्या रोपाला १० इंची आणि वर्षभराने १२ ते १४ इंची. सुरुवातीलाच मोठं ड्रम देऊ नका. लहान मुळांना न शोषता येणारं पाणी मातीत साचून राहतं आणि मुळं कुजतात.

मिश्रण असं: ४ भाग लाल किंवा पोयट्याची माती, ३ भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, २ भाग कोकोपीट, १ भाग जाड वाळू किंवा पर्लाइट. १२ इंची कुंडीमागे एक मूठ निंबोळी पेंड मिसळा. कोकोपीटची वीट भिजवली की ते पाणी एक-दोनदा पिळून टाका, कारण त्यात मीठ असतं.

नुसती काळी माती नको. पावसात ती चिखल होते, उन्हात भेगाळते, आणि तिच्यातल्या चुन्यामुळे पानं पिवळी पडतात (प्रश्न १३). घाटावर अंगणात लावायची असेल तर दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा काढून वरचंच मिश्रण भरा.

५. ऊन किती लागतं? आमची गॅलरी उत्तरेला आहे.

सकाळचं तीन-चार तास थेट ऊन आणि दुपारनंतर सावली, हे सगळ्यात चांगलं. म्हणून पूर्वेची गॅलरी पहिली पसंती. पश्चिमेला मार्च ते मे जाळी लावा. दक्षिणेला हिवाळ्यात ऊन छान मिळतं.

उत्तरेच्या गॅलरीत वेल हिरवीगार राहते पण फुलं मोजकी येतात. आपल्या अक्षांशावर साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य दुपारी किंचित उत्तरेला असतो, तेव्हा तिथे थोडं थेट ऊन पोचतं. पण त्यातला निम्मा काळ ढगांत जातो. कुंडी अगदी कठड्यालगत ठेवा, समोर इमारत नसेल तर काही घोस नक्की मिळतील.

६. पाणी रोज घालायचं का?

वारावर नाही, मातीवर ठरवा. बोट एक इंच खुपसा, कोरडं लागलं तर तळाच्या भोकातून निथळेपर्यंत पाणी द्या. उन्हाळ्यात बहुधा रोज लागेल, हिवाळ्यात तीन-चार दिवसांनी. पावसात कुंडीखालची ताटली काढून टाका आणि कुंडी दोन विटांवर उचलून ठेवा.

मे महिन्यात दुपारी पानं माना टाकतात. संध्याकाळी आपोआप उभी राहिली तर काही बिघडलेलं नाही. माती ओली असूनही पानं लोंबत असतील तर मुळं कुजताहेत, आणखी पाणी घालणं म्हणजे आगीत तेल. रोप कुंडीतून काढा, तपकिरी-मऊ मुळं कापा, वरची वेलही तिसऱ्या हिश्श्याने कमी करा, कोरडसर नव्या मिश्रणात लावून दोन आठवडे सावलीत ठेवा.

७. खत कोणतं, किती आणि कधी?

फेब्रुवारीअखेर ते ऑक्टोबर हा खाण्याचा काळ. महिन्यातून एकदा १२ इंची कुंडीला दोन मुठी गांडूळखत वरच्या मातीत खुरपून घाला. फुटवे जोरात असताना १९:१९:१९ (आकडे अनुक्रमे नत्र, फॉस्फरस आणि पालाशाचे टक्के) हे विद्राव्य खत लिटरला २ ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. फांद्या हातभर झाल्या की नत्र कमी करा आणि ०:५२:३४ किंवा १३:०:४५ त्याच प्रमाणात, आलटून पालटून द्या. माती ओली असतानाच द्या, कोरड्या मातीत दिलं तर मुळं भाजतात. नोव्हेंबर ते जानेवारी काहीही देऊ नका.

हाडांचा चुरा फुलांसाठी सर्रास सुचवला जातो. चुनखडीच्या मातीत आणि कडक पाण्यावर त्यातला फॉस्फरस सहज सुटत नाही, त्यामुळे घाटावर त्याचा फारसा उपयोग होत नाही. केळ्याच्या साली, चहाचा चोथा थेट कुंडीत टाकण्यापेक्षा आधी कंपोस्टात जाऊ द्या.

८. भिंतीवर आपोआप चढेल का?

नाही. हिला ना ताणे असतात ना भिंतीला चिकटणारी मुळं. ती स्वतःला पीळ घालत चढते, म्हणून बोटभर किंवा त्याहून बारीक काहीतरी हवं: ग्रिलचे गज, बांबूच्या कामट्या, प्लास्टिकचा थर असलेली तार. सुतळी एका पावसाळ्यात कुजते आणि ऐन फुलात वेल खाली येते, म्हणून ती टाळा. कुंडीत पाच फुटांचा आधार पुरतो. जमिनीत वेल दहा-बारा फूट जाते.

फांद्या सरळ वर न नेता आडव्या बांधा. आडव्या फांदीच्या प्रत्येक पेराला फुटवा येतो आणि घोस वरपासून खालपर्यंत मिळतात.

९. पानं भरपूर आहेत, दोन वर्षं झाली, फूल एकही नाही. का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. कारणं याच क्रमाने तपासा.

आधी ऊन. थेट ऊन दोन तासांपेक्षा कमी असेल तर बाकी काही केलं तरी फरक पडत नाही. पानं तळहाताहून मोठी, गडद आणि दोन पानांच्या जोड्यांमधलं अंतर लांबलचक असेल तर वेल उजेड शोधतेय.

मग छाटणी. घोस येतात ते नव्या कोवळ्या फांद्यांवर. वर्षानुवर्षं न कापलेली वेल जुन्या लाकडावर पानं राखत बसते. घरातल्यांना कात्री लावायला जीव होत नाही, आणि नेमकं तिथेच अडतं. उपाय प्रश्न १० मध्ये.

तिसरं, नत्राचा अतिरेक. शेणाची स्लरी, युरिया किंवा लॉनचं खत मिळत असेल तर ते दोन महिने बंद करा.

चौथं, कुंडी. नुकतीच फार मोठ्या कुंडीत हलवली असेल तर वेल आधी मुळं पसरते. मुळं जरा दाटली की फुलं बरी येतात. पण माती दिसेनाशी झाली असेल तर कुंडी बदलाच.

शेवटचं म्हणजे वय. छाटकलमाचं रोप बहुधा दुसऱ्या हंगामात फुलतं, काही त्याच वर्षी.

१०. छाटणी कधी करायची? कुठे कापायचं?

वर्षातून एक मोठी आणि मधूनमधून लहान.

मोठी छाटणी थंडी ओसरल्यावर: घाटावर फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा, कोकणात जानेवारीअखेरही चालते. आधी वाळलेल्या, आत गुंतलेल्या फांद्या बुंध्यापासून काढा. उरलेल्यांतल्या दणकट चार-पाच फांद्या दीड-दोन फुटांवर कापा. वेल उघडीबोडकी दिसेल. पंधरा-वीस दिवसांत पेरापेरातून कोंब येतात आणि हवा उबदार असेल तर साधारण दीड-दोन महिन्यांत कळ्या.

कुठे कापायचं ते नीट बघा. पानं समोरासमोर जोडीने येतात आणि प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक डोळा असतो. त्या जोडीच्या वर पाव इंच सोडून कात्री चालवा. मग दोन्ही डोळे फुटतात, एका फांदीच्या दोन होतात आणि घोसही दोन. डोळ्यापासून दोन इंच वर कापलं तर तेवढा दांडा वाळतो आणि पावसात तिथूनच कूज आत उतरते.

लहान छाटणी म्हणजे फुलून गेलेला घोस खालच्या पानांच्या दोन जोड्यांसकट काढणं. हे मार्च ते सप्टेंबर चालू ठेवा, बहर एकामागोमाग येत राहतात. ऑक्टोबरनंतर कापू नका, कोवळे कोंब थंडीत सापडतात. कात्री स्पिरिटने पुसून घ्या.

११. कळ्या धरतात, पण उमलायच्या आत गळतात.

बहुतेक वेळा माती एकदा पूर्ण सुकून मग एकदम भरपूर पाणी मिळालेलं असतं. दुसरं कारण कुंडीची हलवाहलव: कळ्या दिसल्यावर जागा बदलू नका. फ्लॅटमध्ये तिसरं कारण हमखास सापडतं, ते म्हणजे एसीच्या बाहेरच्या युनिटचा गरम झोत. कुंडी त्याच्या वाऱ्यातून चार फूट बाजूला घ्या. कळ्यांच्या देठांवर काळे-हिरवे ठिपके हलताना दिसले तर मावा आहे, प्रश्न १४ पाहा.

१२. लाल फूल गळलं आणि पांढरा भाग जांभळट पडला. रोग आहे का?

नाही, हे तिचं वयात येणं आहे. पांढरी पिशवी म्हणजे पाकळ्या नव्हेत, तो निदलपुंज, म्हणजे पाकळ्यांबाहेरचं आवरण. खरं फूल लाल, आणि ते लवकर झडतं. पिशवी मात्र कित्येक आठवडे टिकते आणि हळूहळू फिकट गुलाबी-जांभळी होते. एकाच घोसात पांढऱ्या आणि जांभळट छटा दिसतात, तो काळ अनेकांना बहरापेक्षाही आवडतो. रंग बघायचा असेल तर घोस राहू द्या, पुढची फुलं लवकर हवी असतील तर कापा.

जवळून पाहायची आणखी एक गोष्ट. नव्या उमललेल्या लाल फुलातून लांब पुंकेसर सरळ पुढे आलेले असतात आणि स्त्रीकेसर खाली वळलेला असतो. नंतर पुंकेसर गुंडाळून मागे सरतात आणि स्त्रीकेसर पुढे येतो. एकाच फुलाचं पराग त्याच फुलाला लागू नये यासाठीची ही व्यवस्था आहे.

१३. पानं पिवळी पडताहेत. काय करू?

कोणती पानं, ते आधी बघा. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाही. बोअरच्या कडक पाण्यावर हे हमखास होतं, कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसतो. चिलेटेड लोह लिटरला १ ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारा, दहा दिवसांनी पुन्हा. मातीत घातलं तर चुन्यात अडकतं. पावसाचं पाणी साठवून देता आलं तर फारच छान.

खालच्या जुन्या पानांत शिरांच्या मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम: मॅग्नेशियम सल्फेट लिटरला ३ ते ५ ग्रॅम फवारा. जुनी पानं सरसकट पिवळी आणि माती चिकट ओली असेल तर पाणी साचतंय (प्रश्न ६). पावसात पानांवर तपकिरी गोल डाग आले तर ती पानं काढून टाका, फांद्या विरळ करा आणि उघडीप मिळाल्यावर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला २.५ ग्रॅम फवारा.

१४. पांढरी कीड लागलीय, घरगुती उपाय सांगा.

कापसासारखी असेल तर मिलीबग. मोजकी असेल तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा. जास्त असेल तर आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, मग लिटरभर कोमट पाण्यात १-२ मिली पातळ साबण आणि त्यात ५ मिली निमतेल घोळून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. सात दिवसांच्या अंतराने तीनदा. एकदा मारून थांबलात तर अंड्यांतून नवी पिढी येते. मावा आणि पांढऱ्या माशीलाही हेच. मुंग्यांची रांग दिसली तर तिचाही बंदोबस्त करा, त्या गोड चिकट स्रावासाठी किडीला राखतात.

एप्रिल-मेमध्ये पानांवर बारीक फिकट ठिपके आणि खाली जाळं दिसलं तर लाल कोळी. त्याला कोरडी हवा मानवते, म्हणून रोज सकाळी पानांची खालची बाजू पाण्याने धुणं हा अर्धा इलाज. उमललेल्या फुलांवर आणि भर उन्हात काहीच फवारू नका.

१५. फांदीपासून नवीन रोप कसं करायचं?

जून ते ऑगस्ट, किंवा फेब्रुवारीच्या छाटणीतल्या फांद्यांपासून. ना कोवळी ना पूर्ण जून, पेन्सिलीएवढी फांदी घ्या. पाच-सहा इंचांचा तुकडा, तीन पेरांचा, खालचा काप पेराच्या लगेच खाली. वरची दोन पानं ठेवून तीही निम्मी कापा. खालचं टोक मूळ फुटण्याच्या पावडरीत बुडवून निम्मं कोकोपीट, निम्मी वाळू अशा ओलसर मिश्रणात खोचा. वर पारदर्शक पिशवी, सावलीचा उजेड. चार ते सहा आठवड्यांत मुळं धरतात. नवा कोंब दिसला म्हणून ओढून बघू नका, कोंब मुळांच्या आधीही येतो.

त्याहून सोपं दाब कलम: लांब फांदी शेजारच्या कुंडीतल्या मातीत पेरापाशी दाबून वर दगड ठेवा. बुंध्याजवळ मुळांतून फुटवे आले तर तेही मुळासकट वेगळे लावता येतात. बियांच्या वाटेला जाऊ नका, घरच्या वेलीवर फळ क्वचितच धरतं.

१६. हिवाळ्यात सगळी पानं गळली. वेल मेली?

बहुधा नाही. फांदी नखाने हलकेच खरवडा. आत हिरवं असेल तर ती झोपलीय. पाणी निम्म्यावर आणा, खत बंद, आणि फेब्रुवारीत छाटणी. आत तपकिरी-कोरडं असेल तर खाली खाली खरवडत जा. बुंध्याशी जीव असला तरी ती परत फुटते.

१७. ही विषारी आहे का? भारंगीची बहीण आहे म्हणतात, मग भाजी होते का?

भाजी करू नका. भारंगी पूर्वी क्लेरोडेंड्रममध्येच मोडायची, तिला आता वेगळी प्रजाती दिलीय. पावसाळ्यात कोकणात तिची भाजी होते हे खरं. कुंपणाची कोयनेलही याच गोतावळ्यातली. पण नातं आहे म्हणून खाण्याजोगी होत नाही. ही फक्त शोभेची वेल, लहान मुलांना आणि जनावरांना पानं चघळू देऊ नका. प्रश्न १ मधलं थंड प्रदेशातलं झाड मात्र नक्की विषारी: त्यात अल्कलॉइड असतात आणि रसाने काहींच्या त्वचेला खाज सुटते.

१८. ऑनलाइन ‘ब्लीडिंग हार्टचे कंद’ मिळतात. पुण्यात लावू का?

नका. कंद किंवा सुकी मुळं म्हणून विकतात ते लॅम्प्रोकॅप्नॉस. त्याला हिवाळ्यात कित्येक आठवडे कडक गारठा मिळाला नाही तर पुढच्या वसंतात ते फुलत नाही, आणि आपल्या पावसात मुळं कुजतात. फ्रिजमध्ये थंडी देऊन एखादा हंगाम कोंब येतील, पुढचा उन्हाळा निघणार नाही. आपली वेल पानांसकट रोप म्हणूनच मिळते, हीच ओळख धरा.

१९. लालसर पिशव्यांची वेलही दिसते. ती वेगळी आहे का?

हो, तो क्लेरोडेंड्रम स्पेसिओसम हा संकर. त्याच्या पिशव्या सुरुवातीपासूनच गुलाबी-जांभळट असतात. वाढ जरा जोमदार, निगा तीच. पिवळट कडांच्या पानांचा प्रकारही मिळतो, त्याला दुपारचं ऊन अजिबात नको. त्यावर नुसत्या हिरव्या पानांची फांदी आली तर लगेच बुंध्यापासून काढा, नाहीतर तीच सगळी वेल व्यापते.

२०. आम्ही न्यू जर्सीत असतो. इथे कोणती लावावी?

अंगणात लॅम्प्रोकॅप्नॉस लावा. शरद ऋतूत किंवा वसंताच्या सुरुवातीला, अर्धसावलीत, पानांच्या कंपोस्टाने भुसभुशीत केलेल्या मातीत, डोळे एक-दोन इंच खोल, दोन झाडांत दोन फूट. मुळं ठिसूळ असतात, हळू हाताळा. उन्हाळ्यात ते पिवळं पडून जमिनीत गुडूप होतं. ते मरण नव्हे, सुप्तावस्था. पानं पूर्ण पिवळी होईपर्यंत कापू नका, आणि जागेवर खूण करा म्हणजे खणताना मुळं तुटणार नाहीत. रिकामी जागा झाकायला शेजारी होस्टा किंवा नेचे लावतात.

वेलही हवी असेल तर कुंडीत. रात्र १२ अंशांखाली जायला लागली की घरात घ्या, खिडकीशी ठेवा, पाणी कमी करा. हीटरच्या कोरड्या हवेत लाल कोळी येतो, तेव्हा पानं धूत राहा. गारठ्याची भीती गेली की बाहेर काढायची, पण पहिले आठ-दहा दिवस सावलीतच, नाहीतर घरात वाढलेली पानं एका दुपारीत भाजतात.